कोंबड्यांचं वर्षाचं धान्य

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर मोठीनं सांगितलं, की शाळेत ती माझ्याविषयी बोलली. "माझी आजी चेन्नईला राहते. तिच्या कोंबड्या पहिल्यापासून फक्त सेंद्रिय धान्य खातात. त्यातली ढवळी म्हातारी होऊन गेली." तुमच्या बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते चित्रासकट वर्गाच्या भिंतीवर लावलं. मी "वा, छान" म्हणाले आणि फोन ठेवला. मी तेहेतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. चुकीचं उत्तर लाल शाईनं खोडल्याशिवाय कुणाची वही परत दिली नाही. आणि इथे चूक मुलीची नव्हती, मीच तिला ते सांगितलं होतं. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते. आई वाचून दाखवेल. धाकट्याला जे शब्द कळणार नाहीत ते तिनं समजावून सांगावेत. तिला स्वतःला सगळे कळतील याची मात्र मला खात्री नाही.

सुरुवात तुम्हाला माहीत असलेल्या भागापासूनच करते, कारण तो मला सांगायला आवडतो.

ऑफिसं बंद झाली त्या वर्षी तुम्ही चौघं पेरुंगुडीचा फ्लॅट सोडून अण्णा नगरच्या पलीकडे आपल्या घरी आलात. दीड महिन्यासाठी आलात आणि दीड वर्ष राहिलात. तुमची आई जेवणाच्या टेबलावर बसून काम करायची, बाबा देवघराला लागून असलेल्या कोपऱ्यात. त्यांची मीटिंग चालू असली की आजोबांना पूजेत घंटा वाजवता यायची नाही. ते नुसतीच घंटा हलवायचे, लोलक बोटानं धरून. देवाला कळतं म्हणायचे. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता आणि काही म्हणता काही खात नव्हता. वरणभात नको, पोळी नको, इडली फक्त पाहुण्यांसाठी केलेली असली तर. शेवटी तुमच्या आईनं कुठेतरी वाचलं, की मुलं आपल्या हातानं काढलेलं अन्न खातात. आणि एका सकाळी फाटकाशी एक टेम्पो थांबला, त्यातून पाच कोंबड्या उतरल्या.

आपल्या घरात अंडं चालतं, कोंबडी चालत नाही. हे पुढे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. आजोबांनी खुराड्याचं चित्र तीनदा काढलं, मापं लिहून, बाणबिण दाखवून. ते संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात होते. रणगाड्याच्या भागांना जितकी सूट द्यायचे तितकीच त्यांनी खुराड्याच्या दाराला दिली, म्हणजे जवळजवळ नाहीच. ते दार अजून एका बोटानं लागतं.

पहिलं अंडं धाकट्याला मिळालं. शेवग्याच्या बुंध्याशी, पालापाचोळ्यात. ते त्यानं कुणाला तळू दिलं नाही, उकडू दिलं नाही. बनियनच्या आत पोटाशी धरून सकाळभर घरात फिरला आणि दुपारी त्याच्यासकट झोपला. पुढे काय झालं ते चादरीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशीचं अंडं मात्र त्यानं पुरतं खाल्लं, वर कवच चाटलं. त्या दिवशी तुमची आई स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून थोडी रडली. त्या कोंबड्या मला तेव्हापासून आपल्या वाटू लागल्या. त्याआधी मला त्यांचा वास येत होता.

कोंबड्यांचं खाणं तुमची आई मागवायची. पेरुंगुडीकडच्या एका दुकानातून बंद पिशवी यायची, पिशवीवर हिरवं पान छापलेलं.

"ऑरगॅनिक आहे, आई. त्या जे खातात तेच शेवटी मुलांच्या पोटात जातं."

"अगं, पण आपण जे खातो ते कुठे ऑरगॅनिक आहे?"

"म्हणूनच निदान अंडं तरी," असं ती म्हणाली.

मग तिकडची नोकरी आली, व्हिसा आला, बॅगा आल्या. निघायच्या आदल्या दिवशी मोठी मला हाताला धरून मागे घेऊन गेली. ढवळीला तिनं उचलून घेतलं होतं. ढवळी फक्त तिच्याकडे यायची, बाकी कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही.

"आजी, त्यांना हेच खायला द्यायचं. हिरव्या पानाचं. दुसरं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"आजोबांनाही सांग. ते शिळी पोळी टाकतात."

मी शब्द दिला तेव्हा त्या पिशवीची किंमत मला माहीत नव्हती. तुमच्या आईच्या फोनवरून पैसे परस्पर जायचे. तुम्ही गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी पिशवी संपली आणि मी पहिल्यांदा स्वतः मागवायला गेले. मला वाटलं दुकानदारानं चुकून दोन पिशव्यांचे पैसे सांगितले. आपण जो चांगल्यातला तांदूळ सणाला आणतो, त्याच्याहून ते महाग होतं.

तुमच्या आईनं लगेच सांगितलं, की ती तिकडून पाठवत जाईल. आजोबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "लेकीच्या पैशानं आम्ही कोंबड्या पाळायच्या? उद्या म्हणशील शेवग्यालाही पाणी तूच घालणार." फोन ठेवून मला म्हणाले, "आता बोल, कुठून आणायचं?"

"तुम्हीच तर बोललात."

"मी बोललो. आणायचं तू बघ."

आम्ही सोपे उपाय आधी करून पाहिले. दोन इंग्रजी वर्तमानपत्रांपैकी एक बंद केलं. आजोबा म्हणाले, दुपारचा चहा सोडतो. मी म्हटलं, चहा सोडलात तर दुपारभर तुमचं ते तोंड कोण बघणार, त्यापेक्षा कोंबड्या विकू. विकणं म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होतं. चौकातल्या मटणवाल्यानं एकदा कुंपणावरून बघून ठेवलं होतं, "सार, देशी कोळी, चांगला भाव देईन." कोळी म्हणजे कोंबडी. आजोबा तेव्हापासून त्याच्या दुकानापुढून जात नसत, पलीकडच्या फूटपाथनं जात.

मग एका संध्याकाळी मी चष्मा लावून त्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचली. मका, बाजरी, शेंगदाण्याची पेंड, तिळाची पेंड, शिंपल्यांची पूड. बस्स. यातलं काय मला करता येणार नाही? लाकडी घाण्याचं तेल विकणारा आपल्या रस्त्यावरच आहे. त्याच्याकडे पेंड मिळते. शेवग्याचा पाला घरचा. राहिली बाजरी आणि मका.

अण्णा नगरात रविवारी सकाळी सेंद्रिय मालाचा छोटा बाजार भरतो. तिथे तिरुवण्णामलैकडचा एक शेतकरी बसायचा, साधारण तुमच्या बाबांच्या वयाचा. त्याच्याकडे बाजरी होती. इथे तिला कंबु म्हणतात. एक-एक किलोच्या पिशव्यांचा भाव पाहून मी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यानं विचारलं, "पाटी, घरात किती माणसं?" पाटी म्हणजे आजी.

"माणसं दोन. कोंबड्या पाच."

तो हसला नाही, हे मला आवडलं. विचार करून म्हणाला, "पोंगल झालं की शेतातून पोती थेट घेतलीत तर निम्म्यात देईन. पिशव्या नाहीत, गाडीभाडं एकदाच. पण वर्षाचं एकदम घ्यावं लागेल. ठेवाल कुठे? या शहराच्या हवेत महिन्यात टोके पडतात."

त्याक्षणी माझी मान किती ताठ झाली ते तुम्हाला कसं सांगू! मी म्हटलं, "बाबा रे, आम्ही महाराष्ट्रातली माणसं. वर्षाचं धान्य भरणं आम्हाला शिकवायला नको."

"केमिकल नको हं पाटी. त्या गोळ्या वगैरे."

"प्रश्नच नाही," मी म्हटलं. इंग्रजीतही म्हटलं, म्हणजे त्याची खात्री पटावी.

इथे मला तुम्हाला वर्षाचं धान्य भरणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण तुमच्या आईनं ते लहानपणी पाहिलं आणि तिच्या घरी कधी केलं नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. एका रांगेत सहा घरं मराठी होती. मार्च-एप्रिलमध्ये कुणीतरी सोलापूरकडून ज्वारी आणि गहू एकत्र मागवायचं, आणि मग आठवडाभर त्या रांगेत दुसरं काही चालत नसे. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून धान्याला ऊन दाखवायचं. सुपानं पाखडायचं. बायका ओळीनं बसून खडे निवडायच्या आणि निवडता निवडता सासवांचं, नवऱ्यांचं, वरच्या साहेबांच्या बायकांचं सगळं निवडून व्हायचं. शेजारच्या तमिळ मामी कठड्याला टेकून बघत राहायच्या. त्या दर महिन्याला दुकानातून महिन्याचं सामान आणायच्या. एकीनं मला विचारलं होतं, "तुमच्याकडे दुष्काळ पडणार आहे का?" आम्ही खूप हसलो होतो. खरं म्हणजे तिनं बरोबर ओळखलं होतं. ती सवय दुष्काळातूनच आली असणार.

धान्य पत्र्याच्या कोठ्यांत भरायचं. माझ्या कोठ्या नेहमी सगळ्यांत नीट. प्रत्येकीवर चिठ्ठी: काय, किती, कधी भरलं. माझ्या सासूबाई धान्यात पाऱ्याच्या टिकड्या घालायच्या. जुनं सगळं सोनं असतं असं मी म्हणणार नाही, ते पाहून माझ्या अंगावर काटा आला होता. मी रसायनशास्त्राची पदवीधर, आल्या आल्या टिकड्या फेकून दिल्या आणि घरात बोरिक पावडर आणली. तांदूळ, ज्वारी, गहू, सगळ्याला मुठीमुठीनं चोळायची. एक टोका पडायचा नाही. रांगेतल्या सगळ्या बायका माझं बघून तेच करू लागल्या. ती माझी त्या वसाहतीतली पहिली प्रतिष्ठा.

तर त्या वर्षी पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, पोती आली. बाजरीची दोन, मक्याचं एक. बऱ्याच वर्षांनी गच्चीवर साड्या अंथरल्या. आजोबा छत्री उघडून खुर्चीवर बसले, कावळे हाकायला. मी सुपात बाजरी घेतली आणि हात आपोआप चालू लागला. तुम्हाला सांगते, मला सत्तरीत तितकं हलकं क्वचितच वाटलं असेल. गुडघे दुखत होते, पण दोन दिवस मी खाली उतरायला तयार नव्हते. आजोबा म्हणाले, "काय गं, वय किती तुझं?" मी म्हटलं, "वसाहतीतलं." तिसऱ्या दिवशी धान्य कोठ्यांत भरलं. चिठ्ठ्या लावल्या. "बाजरी, सेंद्रिय, कोंबड्यांसाठी." त्याचा फोटो तुमच्या आईला पाठवला. मोठीनं उत्तरात अंगठा पाठवला आणि ढवळीसाठी एक बदाम.

मार्चअखेर अंडी कमी झाली. आजोबा म्हणाले, ऊन. एप्रिलमध्ये जवळजवळ बंदच पडली. कोंबड्या भांड्याशी यायच्या, चोचीनं दाणे इकडेतिकडे उडवायच्या आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघायच्या. मी रागवायचे. "माजल्यात. निम्म्या भावात आणलं ते यांना कळलंय." पेंड आणि पाला मात्र निवडून खायच्या. ढवळी सगळ्यांत नाजूक; ती एका बाजूला पिसं फुगवून बसू लागली. मी तिला पाणी पाजलं, भात भरवला. जनावरांच्या दवाखान्यात टोपलीतून नेलं. तिथल्या डॉक्टर मुलीनं विचारलं, खायला काय देता?

मी यादीच वाचून दाखवली. शेवटी म्हटलं, "सगळं सेंद्रिय. एक कणभर रसायन नाही."

ती म्हणाली, "मग खाण्याचं काही नसणार, अम्मा. उन्हानं होतं असं." तिनं पाण्यातून द्यायचं औषध दिलं. तिचा काही दोष नाही. तिनं विचारलं ते मी सांगितलं, आणि जे सांगायला हवं होतं ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ढवळी खुराड्यात खाली पडलेली होती. आजोबांनी तिला पेरूच्या झाडाखाली पुरलं. संध्याकाळी तुमचा फोन आला. मोठीनं विचारलं, ढवळी कुठाय. मी म्हटलं, "ती म्हातारी झाली होती गं." ती अडीच वर्षांची होती. मोठे, तू विचारलंस, "तिला त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, नाही. हे पहिलं खोटं.

तेव्हा निदान कारण तरी मला ठाऊक नव्हतं. ते आठवड्यानं कळलं, आणि शोधलं आजोबांनी.

ते मागच्या पायरीवर बसून चहा पीत होते. खुराड्याकडे बघत म्हणाले, "अगं, मुंग्या कुठे गेल्या?"

"कुठल्या मुंग्या?"

"कोंबड्यांच्या भांड्याला लागायच्या त्या. मी पाण्याची परात ठेवायचो त्यात भांडं. आठवतंय? दीड वर्ष मुंग्यांशी मारामारी केली मी. आता परात कोरडी पडलीय, दाणे जमिनीवर सांडलेत, आणि एक मुंगी नाही."

"बरं झालं की."

"बरं कसलं? चेन्नईत सांडलेल्या दाण्याला मुंगी लागत नाही?" त्यांनी कप खाली ठेवला. हा त्यांचा कारखान्यातला आवाज, मी ओळखते. "धान्याला काय लावलंस तू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे नेहमीचंच."

एवढं बोलून मी उठून आत गेले. कोठीचं झाकण काढलं, हात घातला, बाहेर काढला. तळहातावर पांढरा पातळ थर. मी तो लावल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. डाळीला फोडणी द्यावी तसं, हातानं आपलं आपण करून टाकलं होतं. शेकडो मुलींना मी प्रयोगशाळेत बोरिक आम्लाचं सूत्र पाठ करायला लावलं होतं. त्या शेतकऱ्याला इंग्रजीतून वचन दिलं होतं. आणि माझ्या लेखी ती पावडर केमिकल नव्हतीच. ती स्वयंपाकघरातली वस्तू होती, हळदीच्या डब्याशेजारी ठेवायची.

मी म्हटलं, "पण आपण आयुष्यभर खाल्लं ना हे?"

आजोबा दारात उभे होते. म्हणाले, "आपण धुऊन घेतो. त्यांना कोण धुऊन देणार?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी ते म्हणाले, "आता उठ. अजून चार आहेत." आणि खुराड्यातलं सगळं धान्य काढून, भांडी घासून, त्यांनी त्या दिवसापुरता कोंबड्यांना आपल्याच हंडीतला भात कालवून दिला. दुसऱ्या दिवशी पेरुंगुडीच्या दुकानातून हिरव्या पानाची पिशवी आली, पूर्ण भावानं. तीन दिवसांत मुंग्या परत आल्या. आजोबांनी मला हाक मारून दाखवल्या.

पण कोठ्यांत उरलेल्या बाजरीचं काय? ती टाकून द्यायची, तर पुढच्या महिन्यापासून कोंबड्यांना काय घालायचं हा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर. मी ती धुतली. टबात घालून तीन-तीन पाण्यांनी, सकाळी लवकर, गच्चीवर. इथे मे महिन्यात ते आठवडे असतात, ज्यांना कत्तरी म्हणतात, कात्रीसारखं कापणारं ऊन. त्या उन्हात बाजरी दुपारपर्यंत खडखडीत वाळली. आजोबा पुन्हा छत्री घेऊन बसले. या खेपेला आम्ही फारसं बोललो नाही.

धुतलेली बाजरी मी कोंबड्यांना देणार होते. आजोबा नाही म्हणाले. "मुलीला शब्द दिलायस. धुतलं म्हणून सेंद्रिय होत नाही. पास करणार नाही मी." मग मी आपल्या ओळखीच्या मराठी घरांत फोन केले. वसाहतीतल्या त्या रांगेतल्या तिघी अजून या भागातच आहेत. प्रत्येकीला आधी खरं सांगितलं: उत्तम सेंद्रिय बाजरी आहे, पण मी तिला बोरिक लावली होती, तीनदा धुतली आहे, भाकरीला घेणार का?

पहिली म्हणाली, "अगो बाई, मग आयती धुतलेली मिळतेय की!"

दुसरी म्हणाली, "बोरिक आम्ही लावतोच. तुझ्याकडूनच तर शिकलो."

ते ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पण बाजरी गेली, मकाही तसाच धुऊन दिला. उरलेली आम्ही दोघांनी खाल्ली. त्या वर्षी पावसाळ्यापर्यंत आजोबांच्या ताटात कोंबड्यांची भाकरी होती. ते दर दोन दिवसांनी म्हणायचे, "चव चांगली आहे. त्या का खात नव्हत्या कळत नाही." हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला, की शेवटी मी हसले. हसले म्हणून ते थांबले.

भाकरीच्या बाजरीचे आलेले पैसे घेऊन मी रविवारी बाजारात गेले. त्या शेतकऱ्याला सगळं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाटी, माझी अम्मा नोच्चीचा पाला घालून ठेवते." नोच्ची म्हणजे आपली निर्गुडी. "आमच्याकडची हवा कोरडी, तिथे टिकतं. इथे तुमच्या घरी टिकणार नाही, पाल्यानंसुद्धा. असं करा. हंगामात वर्षाचं ठरवून पैसे द्या, भाव तोच. धान्य माझ्याकडे राहू दे. मी दर महिन्याला येताना महिन्याचं आणेन."

म्हणजे महिन्याचं सामान. त्या तमिळ मामींसारखं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून धान्य तसंच येतं. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस सवयीनं मी साड्या काढल्या आणि पुन्हा घडी करून ठेवल्या. अंथरायला काही नव्हतं. ते एक सांगायचं होतं. धान्य भरणं संपलं याचं मला वाईट वाटतं, आणि ते माझ्याच हातानं संपलं याचं थोडं जास्त.

हे झाल्यावरही मी तुला खरं सांगितलं नाही, आणि ते दुसरं खोटं. फोनवर तू विचारायचीस, "हिरव्या पानाचंच देते ना?" मी म्हणायचे, "पहिल्यापासून तेच." अडीच महिने ते सेंद्रिय नव्हतं. ढवळी म्हातारी नव्हती. तिला त्रास झाला, फार नाही, पण झाला. तो माझ्या हातून झाला, मुद्दाम नाही. तू रागावलीस तर रागाव. आजोबा म्हणतात, ती रागावणार नाही, फक्त दोन दिवस बोलणार नाही. ते मी सोसेन.

उरलेल्या चारांपैकी एक नंतर मांजरानं नेली, ते तुम्हाला तेव्हाच खरं सांगितलं होतं. आता तीन आहेत: तांबडी, ठिपक्यांची आणि ती तुरा पडलेली. तांबडी आठवड्यात दोन-तीन अंडी देते, बाकीच्या दोघींनी द्यायचं सोडलं आहे. तिघीही शेवग्याखाली उकरतात आणि संध्याकाळी हाकेला येतात. त्यांची बाजरी आणि मका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, आणि त्याला काही लावलेलं नसतं.